काकूंचं ‘हं’

“बाई, ऐकतासा न्हवं?... ऱ्हाऊ द्या मग.”

रेकॉर्डिंगमधला माणूस एवढं बोलला आणि फोन बंद झाला. मगदूम सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हा कितवा?”

“या महिन्यातला एकतिसावा,” मी म्हणाले. “सगळे पद्माकाकूंच्या फोनवरचे. बाकी तिघा कार्यकर्त्यांकडे लोक सरासरी नऊ मिनिटं बोलतात. काकूंकडे पावणेदोन.”

मगदूम सर इचलकरंजीतल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी ‘सोबत’ नावाची हेल्पलाइन काढली होती. ज्याला जीव नकोसा झालाय, ज्याला घरात बोलायची सोय नाही, त्याने दुपारी बारा ते सहा कधीही फोन करावा आणि मन मोकळं करावं. नाव-गाव विचारायचं नाही हा नियम. फोन करणारे बहुतेक यंत्रमागावरचे कामगार, नाहीतर त्यांच्या घरच्या बाया.

तिथली फोनची यंत्रणा मी सांभाळत असे. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाल्यामुळे मी माहेरी राहत होते आणि उरलेल्या वेळात हे काम करत होते. फोनसाठी आम्ही लार्कस्विच नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. ते कुणा एका कंपनीचं नाही. जगभरातले लोक फावल्या वेळात त्यातल्या चुका हुडकतात, दुरुस्त्या पाठवतात, आणि दर दोन महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. फुकट मिळतं, म्हणून आमच्यासारख्या संस्थांना परवडतं.

“एक तारखेपासून काकूंना फोनवरून काढावं लागेल,” सर म्हणाले. “पत्रव्यवहार बघतील त्या. पण सांगायचं कुणी?”

“मी सांगते.”

कुणाचे फोन किती मिनिटं चालतात याचा आलेख मीच काढला होता, काकूंना काढायचं सुचवलंही मीच होतं. तेव्हा मी तिशीची होते आणि माणसांपेक्षा आलेखांवर माझा जास्त विश्वास होता. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

पद्मावती हेरवाडे तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडून जोडून त्यांचा उजवा खांदा कायमचा थोडा वर राहिला होता. त्या रस्त्याकडेच्या खोलीत बसायच्या. भिंतीपलीकडे एका मालकाचे बत्तीस माग दिवसभर खटखटत असत, पण काकूंना त्याचं काही नव्हतं. आणि मी तर मागाच्या आवाजातच वाढलेली. ते थांबले की मला जाग यायची.

मी समोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं. मध्ये मध्ये “हं... हं...” करत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “पत्रं तर काय, महिन्याला दोन येतात. मग मी घरीच बसतो की.”

आमच्याकडे बायकाही ‘मी बसतो, मी जातो’ असंच म्हणतात. मी पुण्याला जाऊन ‘बसते, जाते’ म्हणायला लागले होते, त्यावरून काकू मला ‘पुणेरी मैना’ म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

“काकू, तुम्ही नुसतं हं हं करता,” मी म्हणाले. “समोरच्याला वाटतं, फोनवर कुणी नाहीच. शब्दांत बोलायला हवं.”

“अगं, माणूस गळ्यापर्यंत आलेलं बोलत असतोय. तिथं मी कशाला शब्द घालू? आपण बोललं की तो थांबतोय. ‘हं’ म्हणजे तार जोडलेली हाय, एवढंच त्याला कळलं म्हणजे झालं.”

“पण कळत नाहीये ना.”

“तेच म्हणतोय मी.” काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. “बत्तीस वर्षांत ‘हाय का लाइनवर’ म्हणून मला कुणी दोनदा विचारलं न्हवतं. गेल्या चार महिन्यांपासून सगळेच विचारायला लागलेत. मी एकाएकी बिघडलो काय गं? मला काढायचं तर काढा. पण काढायच्या आधी तेवढं बघ.”

चार महिने. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी उठून गेले असते.

घरी येऊन मी त्या माणसाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मागावर चौदा वर्षं काम केलेला, पन्नाशीतला वाटत होता. मुलगा घर सोडून गेला तिथपर्यंत आला होता. मग थांबला. त्या थांबण्यात काकूंचं “हं” आलं, स्पष्ट, मऊ. आणि त्याच्यावरच, अगदी त्याला चिकटून, त्याने विचारलं, “बाई, ऐकतासा न्हवं?” काकू लगेच म्हणाल्या, “हं, बोला की.” त्यावर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मग.”

मी ते सात वेळा ऐकलं. काकूंनी उत्तर दिलेलं आहे आणि तरी हा विचारतोय. म्हणजे आम्हाला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारं ‘हं’ त्याच्यापर्यंत गेलेलंच नव्हतं. त्याला काय गेलं असेल? नुसतं “बोला की.” सुरुवातीचं ‘हं’ काढून ‘बोला की’ म्हणून बघा. बँकेतल्या खिडकीवरचा माणूस असंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी काकूंना खुर्चीत बसवून मी गच्चीवरून मोबाइलवर हेल्पलाइनला फोन लावला आणि आईने दिलेली वाण्याची यादी वाचायला लागले. तूरडाळ दोन किलो. हं. साबण. हं. पहिलं एक मिनिटभर काकू व्यवस्थित ऐकू येत होत्या. मग त्या विरत गेल्या. खोबरेल, शेंगदाणे, पोहे, आणि पलीकडे काहीच नाही. खाली येऊन बघितलं, तर काकू रिसीव्हर धरून इमानेइतबारे “हं” म्हणतच होत्या.

चोर सापडला. तो माझ्याच घरचा निघाला.

चार महिन्यांपूर्वी लार्कस्विचच्या नव्या आवृत्तीत आवाजाची गाळणी आली होती. फोनवर बोलताना मागे पंखा, यंत्र, रहदारी असं काही सुरू असेल तर ते ती गाळून टाकते. गोंगाट ओळखायची तिची रीत सोपी होती: जो खालच्या पट्टीतला आवाज ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सारखाच येतो, तो गोंगाट. मिनिटभर ऐकून ती शिकते आणि मग कापायला लागते. मागाची खटखट तिने झकास कापली. त्याच न्यायाने काकूंचं ‘हं’ही कापलं. रेकॉर्डिंग गाळणीच्या अलीकडे होत असल्यामुळे आम्हाला ते ऐकू येत राहिलं. बाकीचे तिघं वाक्यांमध्ये बोलायचे, म्हणून वाचले. गाळणी मी लावली होती आणि शिक्षा काकूंना सुचवली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी आलेखासकट करून दाखवलं होतं.

सरांसमोर मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “मग काढून टाक ती गाळणी.”

“नाही काढता येत, सर. ती का लावली, आठवतंय ना?”

त्यांना आठवलं. आधी फोनवर माग ऐकू यायचे आणि कामगार घाबरून फोन ठेवायचे. त्यांना वाटायचं, फोन मालकाच्याच कारखान्यात लागला. एकाने तर “मालक, चुकून लागला” म्हणून माफी मागितली होती. खोली बदलायला दुसरी जागा नव्हती.

“मग तू दुरुस्त कर.”

“करते. पण तुमचा नियम आहे.”

वर्षभरापूर्वी मी घरगुती बदल करून फोन दिवसभर बंद पाडले होते. तेव्हापासून सरांचा नियम होता की चालू फोनवर फक्त अधिकृत आवृत्ती चालेल. नियम बरोबर होता, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं.

“अधिकृत आवृत्तीत आलं तर काकू राहतील,” सर म्हणाले. “नाहीतर एक तारीख.”

ती तारीख नऊ होती. महिनाअखेरीस निघणाऱ्या आवृत्तीत जायच्या दुरुस्त्या पंचवीसपर्यंत घेतल्या जाणार होत्या. सोळा दिवस. मी घरी जाऊन नोकरीतून रजा टाकली. आई म्हणाली, “एवढं कुणाचं लगीन हाय?” मी म्हटलं, पद्माकाकूंचं.

पहिली दुरुस्ती दोन दिवसांत पाठवली. गाळणीची धार कमी केली, झालं. लार्कस्विचमधला आवाजाचा भाग रादेक नावाचा माणूस सांभाळायचा, चेक देशातला. कुठलीही दुरुस्ती आत घ्यायची की नाही ते तो ठरवायचा. त्याचं उत्तर दोन ओळींत आलं: यामुळे खरा गोंगाटही परत येतो. नामंजूर. तपासलं तर खरंच येत होता. भिंतीपलीकडचे बत्तीसच्या बत्तीस माग हजर.

दुसरी दुरुस्ती करायला पाच दिवस लागले. काकूंच्या आवाजाची पट्टी मोजून तेवढी सोडायची, असं केलं. रादेकने विचारलं, उद्या दुसरी बाई बसली तर? हेही बरोबर होतं. पण खाली त्याने आणखी लिहिलं होतं: “बंद ओठांनी, एका पट्टीत, ठरावीक अंतराने येणारा आवाज म्हणजे गोंगाटच. हा दोष नाही. तुमच्या कार्यकर्तीला शब्दांत बोलायला सांगा.”

हे वाक्य मी ओळखलं. आठवड्यापूर्वी ते मीच काकूंच्या तोंडावर म्हटलं होतं. आधी त्या रादेकचा संताप आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्त हट्टाने काम करते, हा माझा जुना स्वभाव आहे.

तिसऱ्या खेपेला मी यंत्र सोडून माणसाकडे गेले. काकूंच्या रेकॉर्डिंगमधली दोनशे बारा ‘हं’ कापून काढली आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या शेंगा निवडत होत्या.

“ही सगळी सारखीच वाटतात मला,” मी म्हणाले. “आणि गाळणीलाही.”

“सारखी कशी? लाव बघू.” त्या ऐकायला लागल्या. “हे ‘पुढं बोला’चं. हे ‘कळलं’चं. हे... हां, ही बाई रडत होती. हे ‘रडून घे, मी थांबतोय’चं.”

“पण यंत्राला कसं सांगू? मागही खट खट करतो, तुम्हीही हं हं करता. फरक काय?”

काकू हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. “अगं पुणेरी मैने, माग काय कुणाचं ऐकतोय? समोरचा बोलू दे, रडू दे, त्याचं आपलं सुरूच. मी समोरचा थांबला की हं म्हणतोय. तो बोलत असताना मी कधी म्हटलंय काय, बघ की.”

मी तिथेच, शेंगांच्या सालपटांत बसून बघितलं. दोनशे बारापैकी दोनशे चार ‘हं’ समोरचा थांबल्यावर, अर्ध्या सेकंदाच्या आत आलेली होती. गाळणी एकाच बाजूचा आवाज ऐकून निवाडा करत होती. तिला दोन्ही बाजू ऐकायला लावलं असतं तर प्रश्न मिटत होता. समोरच्यासाठी थांबणारा आवाज म्हणजे माणूस. न थांबणारा म्हणजे माग.

ते लिहायला चार दिवस लागले. घरच्या मशीनवर चाललं. बावीस तारखेला पाठवलं. रादेकचं उत्तर आलं: “कल्पना चांगली आहे. पण एवढ्या बदलाची गरज आहे असं मला अजून वाटत नाही. याच्या नंतरच्या आवृत्तीच्या वेळी बघू.”

म्हणजे आणखी दोन महिने. पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याला लिहिलं, “उद्या मला वीस मिनिटं दे. तू फक्त फोनवर बोल. दोनदा. तुझ्या भाषेत, काहीही. ऐकणारी बाई एकाहत्तर वर्षांची आहे, तिला तुझी भाषा येत नाही. त्यानंतर तू नाही म्हणालास तर मी पुन्हा लिहिणार नाही.”

तो हो म्हणाला. बहुधा कुतूहलानेच.

तेवीस तारखेला दुपारी अडीच वाजता काकू कडक इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या. मगदूम सर दाराशी उभे. पलीकडे माग सुरू. काकूंचं इंग्रजी एक्स्चेंजपुरतं होतं. फोन जोडला गेल्यावर त्या म्हणाल्या, “गो अहेड, प्लीज.” खांदा आणखी थोडा वर गेला.

पहिला फोन जुन्या गाळणीवर होता. रादेकला ते सांगितलेलं नव्हतं. तो बोलायला लागला. काकू डोळे मिटून ऐकत होत्या आणि तो थांबला की “हं” म्हणत होत्या. एक मिनिट दहा सेकंद झाल्यावर तो थांबला. काकू म्हणाल्या, “हं.”

“हॅलो?” रादेक म्हणाला. “आर यू स्टिल देअर?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन तोडला.

दुसरा फोन माझ्या लॅपटॉपवरच्या दुरुस्त गाळणीवरून. पुन्हा गो अहेड, प्लीज. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाचव्या मिनिटाला त्याचं बोलणं संथ झालं. काकूंचं ‘हं’ही लांबलं. दहाव्या मिनिटाला तो बराच वेळ गप्प होता. मी घाबरून पडद्याकडे बघितलं, पण तार जोडलेलीच होती. काकू थांबल्या आणि मग अगदी हळू म्हणाल्या, “हं.” तो पुन्हा बोलायला लागला. चौदाव्या मिनिटाला त्याने “थँक यू” म्हणून फोन ठेवला.

“काय म्हणत होता हो?” सरांनी विचारलं.

“मला काय कळतंय त्याचं,” काकूंनी डोळे पुसले. “पण त्याचं कुणीतरी गेलंय. घरातलंच.”

संध्याकाळी रादेकचा निरोप आला. “पहिल्या फोनवर मी आमच्या गावातल्या ट्रामबद्दल बोलत होतो. दुसऱ्यावरही तेच बोलणार होतो, पण भावाबद्दल बोललो. दुरुस्ती घेतो. एक अट आहे. पुढे कुणी बदल करताना हे पुन्हा मोडू नये म्हणून एक चाचणी लिही.”

चाचणी म्हणजे असं: जगात कुणीही लार्कस्विचमध्ये बदल सुचवला की यंत्र आपोआप जुने नमुने लावून बघतं, आधी सुधारलेलं काही बिघडलं तर नाही ना. त्यासाठी आवाजाचा नमुना हवा होता. चोवीस तारखेला काकूंनी बसून चाळीस ‘हं’ रेकॉर्ड करून दिली. रादेकने विचारलं, चाचणीला नाव काय द्यायचं? मी लिहिलं, ‘काकू’.

एक तारखेला काकू आपल्या खुर्चीत होत्या. त्या महिन्यात त्यांच्या फोनची सरासरी तेरा मिनिटांवर गेली. आलेख मी काढला नाही, सरांनीच वहीत काढला आणि भिंतीला लावला.

मी काकूंची माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं काय नाही गं. त्या माणसाचं राहिलं बघ, पोरगा गेलेल्या. तो परत आला तर बरं.” पुढची कित्येक वर्षं फोन वाजला की आधी त्या आवाज कुणाचा ते ओळखायच्या. तो आला नाही. त्याचं नाव-गाव आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून शोधायचीही सोय नव्हती. त्याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते कुठल्याही आवृत्तीत दुरुस्त होणार नाही.

याला आता नऊ वर्षं झाली. काकूंना जाऊन चार. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या खुर्चीत बसत होत्या.

गेल्या महिन्यात एका सकाळी चहा घेताना लार्कस्विचचे निरोप वाचत होते. उरुग्वेमधल्या एलेना नावाच्या मुलीने आवाज अधिक वेगाने जावा म्हणून मोठा बदल केला होता. सगळ्यांना तो हवा होता, रादेकलाही. पण एक चाचणी नापास होऊन लाल झाली होती. खाली एलेनाने सगळ्यांसाठी लिहिलं होतं:

“माझ्या बदलामुळे काकू ऐकू येत नाहीयेत. काकू ही कोण किंवा काय आहे, मला माहीत नाही. पण ती ऐकू येईपर्यंत हा बदल कुणीही पुढे नेऊ नये. मी दुरुस्त करते आहे.”

मी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आल्यावर तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. भिंतीपलीकडे माग सुरू झाले होते. घरात मी एकटीच होते, कुणी काही बोलत नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “हं.”